थोरांची ओळख : इलिया मेचनिकोव्ह



रात्री आई कोमट दुधाला विरजण लावते आणि सकाळी दही तयार असते. ही किमया डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची. हेच जिवाणू पोटात जाऊन आपल्या रक्तवाहिन्या जपतील का, असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाला पडला होता. इलिया मेचनिकोव्ह हे त्यांचे नाव. या अंकात आपण त्यांची ओळख करून घेऊ.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये खारकोव्ह शहराजवळच्या खेड्यात झाला. तो प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता; आज तो युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. संसारात मात्र दुःख वाट्याला आले. १८७३ मध्ये त्यांची पत्नी ल्युडमिला क्षयाने वारली. त्या आघातातून सावरून ते पुन्हा कामाला लागले.

१८८२ मध्ये ते इटलीतील मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या शरीरात काही पेशी हिंडताना दिसत होत्या. बागेतल्या झुडपाचे बारीक काटे आणून त्यांनी ते पिल्लाच्या अंगात टोचले. सकाळी पाहतात तो त्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला! शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धांत त्यांनी यातून मांडला. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत विभागून मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला ठाऊक आहेच.

पुढे मेचनिकोव्ह म्हातारपणाचा अभ्यास करू लागले. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू अन्न कुजवून विषारी द्रव्ये तयार करतात, ती रक्तात मिसळतात आणि रक्तवाहिन्या कठीण होतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील शेतकरी भरपूर आंबट दही खातात व दीर्घायुषी होतात, असे त्यांच्या कानावर आले होते. दह्यातले जिवाणू या कुजवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतील, असे त्यांना वाटले. मग ते स्वतः वर्षानुवर्षे रोज आंबवलेले दूध घेऊ लागले.

तरीही १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकारानेच त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. आपले मत खरे की खोटे, याचा पडताळा त्यांना स्वतःच्या देहावरही हवा होता.

त्यांचे सारेच काही बरोबर ठरले नाही. त्यांच्या आवडीचे दह्यातले जिवाणू आतड्यात कायमचे वस्ती करीत नाहीत, हे नंतर दिसून आले. मोठे आतडे निरुपयोगी आहे हे त्यांचे म्हणणेही टिकले नाही. पण मूळ प्रश्न मात्र जिवंत राहिला. २०११ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवले, की अंड्याच्या बलकासारख्या पदार्थांतील कोलीन या घटकापासून आतड्यातले जिवाणू एक वायू तयार करतात. यकृत त्या वायूचे 'टीएमएओ' नावाच्या द्रव्यात रूपांतर करते. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. मात्र माणसात हेच द्रव्य विकाराचे कारण आहे की केवळ सोबती, यावर अजून संशोधन चालू आहे. आणखी एक नवल म्हणजे, मेचनिकोव्ह यांनी अभ्यासलेल्या त्या भक्षक पेशीच रक्तवाहिनीच्या भिंतीतील कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तिथला थर वाढवतात.

म्हणून पालकांनाही आमचे सांगणे एवढेच, की दही जरूर खावे, पण ते हृदयाचे औषध समजू नये. जोडीला भाज्या, डाळी, व्यायाम आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. आणि मुलांनो, उत्तर चुकले तरी चांगला प्रश्न वाया जात नाही, हे मेचनिकोव्ह यांच्या चरित्रातून आपण शिकूया.