मातीचा मित्र : जॉर्ज कार्व्हर



पांढरकवडा गावाबाहेर पडलात, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते दिसतात. पऱ्हाटीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. ही तुरीची ओळ शेतकरी का पेरतात? डाळ मिळते म्हणून, असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर जमिनीखाली दडलेले आहे. ते गरीब शेतकऱ्यांच्या झोपडीपर्यंत नेणाऱ्या एका शिक्षकाची ही ओळख.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, डायमंड गावाजवळ, १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. त्याची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नाही. कारण तो गुलाम आईचा मुलगा होता. तो तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एका घोड्याच्या बदल्यात बाळाला परत मिळवले. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही.

जॉर्ज अशक्त होता. म्हणून त्याला शेतातील जड कामाऐवजी घरकाम आणि बागेचे काम मिळाले. कोमेजलेली रोपे त्याच्या हाताने पुन्हा टवटवीत होत. शेजारीपाजारी त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले. गावच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिकण्यासाठी तो पायी चालत निओशो गावी गेला. पुढे लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालू ठेवले. एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश दिला. पण तो दारात उभा राहताच, रंग पाहून परत पाठवले. जॉर्ज खचला नाही. आयोवा राज्यातील कृषी महाविद्यालयातून त्याने १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हरना अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील आपल्या संस्थेत बोलावले. तेथे ना धड प्रयोगशाळा होती, ना उपकरणे. कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे आणि तारा गोळा केल्या व त्यांतूनच प्रयोगशाळा उभी केली.

बाहेरची स्थिती याहून वाईट होती. त्या भागात वर्षानुवर्षे कापसामागून कापूसच घेतला जात होता. जमीन निकस झाली होती. गुलामी कायद्याने संपली होती, तरी काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन बटाईने कसत आणि कर्जात बुडत. जमीन आणखी निकस झाली असती, तर त्यांच्या पोरांच्या ताटात काय उरले असते?

कार्व्हर यांनी त्यांना चवळी आणि भुईमूग लावायला सांगितले. भुईमूग म्हणजे तुमच्या घरी ज्याला मूंगफल्ली म्हणतात, तेच पीक. त्यामागचे कारण समजून घ्या. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो, पण पिकांना तो थेट घेता येत नाही. तूर, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवर लहान लहान गाठी येतात. त्यांत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते. ते हवेतील नत्र झाडाला उपयोगी पडेल असा करून देतात. पाने आणि मुळे कुजली, की त्यातील काही नत्र पुढच्या पिकालाही मिळते. हे कार्व्हर यांनी शोधले नव्हते. जर्मनीतील हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये गाठींचे काम दाखवले आणि हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ मध्ये हे जीवाणू वेगळे केले. कार्व्हर यांचे मोठेपण असे, की हे नवे ज्ञान त्यांनी निरक्षर शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत पोहोचवले. १९०६ मध्ये त्यांच्या संस्थेने घोडागाडीवर फिरती शेतीशाळा सुरू केली. ती गावोगाव जाई.

पण नुसते पीक काढून भागत नाही. त्याचा उपयोगही कळला पाहिजे. १९१६ मध्ये कार्व्हर यांनी भुईमुगाच्या लागवडीवर एक पुस्तिका काढली. तिच्यात दाण्यांचे १०५ पदार्थ दिले होते. १९२१ मध्ये ते अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडायला उभे राहिले. त्यांना दहाच मिनिटे मिळाली होती. त्यांचे बोलणे ऐकून समितीने ती वेळ वाढवून दिली. गांधीजींशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या देशातही हा अभ्यास जुना आहे. मुळांवरील गाठींच्या जीवाणूंवरचे एन. व्ही. जोशी यांचे संशोधन १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. आज शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याला जीवाणू संवर्धक लावतात. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. ते गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. मात्र सोयाबीनचा जीवाणू तुरीला चालत नाही. पाकिटावरचे पिकाचे नाव वाचावे लागते. मित्रांनो, येथे तुमचे शिक्षण कामाला येते. घरात वाचता येणारे तुम्ही असाल, तर ते पाकीट तुम्हीच वाचून दाखवा. कार्व्हर यांनी दुसरे काय केले?

शब्दार्थ
पऱ्हाटी – कापसाचे झाड
निकस – कस नसलेली
बटाई – पिकाचा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसणे
संवर्धक – वाढ करणारे

स्वाध्याय
१. जॉर्जची जन्मतारीख कोणी का लिहून ठेवली नाही?
२. मुळांवरील गाठींतील जीवाणू आणि झाड एकमेकांना काय देतात?
३. जीवाणूंचा शोध कार्व्हर यांनी लावला नव्हता. तरी लेखकाने त्यांना मोठे का म्हटले आहे?

उपक्रम
पावसाळ्यात मोठ्या माणसांना विचारून तुरीचे एक रोप मुळांसकट हळूच काढा. मुळांवरील गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर जीवाणू कामावर आहेत असे समजा. काय दिसले ते चार ओळींत लिहा.