बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्थशास्त्र व कायद्याचे शिक्षण

भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून परिचित असले, तरी बॅरिस्टर होण्यापूर्वीचे त्यांचे उच्चशिक्षण मुख्यतः अर्थशास्त्रात झाले होते. १९१२ मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. पुढील वर्षी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे एडविन सेलिग्मन हे त्यांचे अध्यापक होते.

१९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये एकाच वेळी प्रवेश घेतला. मात्र १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली व दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार पत्करलेली बडोद्यातील नोकरी अस्पृश्यतेमुळे टिकली नाही. शहरात राहायला जागासुद्धा मिळेना. अखेर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

बॅरिस्टरी पूर्ण झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. सुधारित प्रबंध १९२३ मध्ये मान्य झाला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. आरंभी अशिले थोडीच होती.

ब्रिटिश भारतातील केंद्र व प्रांत यांच्यातील वित्तीय संबंध हा त्यांच्या कोलंबियातील पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता. संविधानाच्या अनुच्छेद २८० मधील वित्त आयोगाची तरतूद याच प्रश्नाशी निगडित आहे.