शंतनुराव किर्लोस्कर आणि विहिरीवरचे इंजिन

संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते यांनी भरलेल्या आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात विहीर नसलेला मळा विरळाच. पूर्वी त्या विहिरीवर मोटेची कुरकुर ऐकू येई. पुढे मोटेच्या जागी डिझेल इंजिनाची धडधड आली, आणि वीज पोहोचल्यावर तीही मागे हटली. तथापि आजही कित्येक शेतकऱ्यांच्या कोठ्यात जुने इंजिन गोणपाट टाकून झाकलेले आढळते. उन्हाळ्यात बागेला पाणी द्यायच्या ऐन वेळी वीज गेली की प्रथम त्याचीच आठवण होते. त्याच्या अंगावरील पत्र्यावर पुष्कळदा एक मराठी आडनाव असते, ते म्हणजे किर्लोस्कर.

हे आडनाव मराठी घरांत दोन वाटांनी आले. एक वाट 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांची. ती शंकरराव किर्लोस्करांनी घातली. दुसरी वाट लोखंडाची. त्या दुसऱ्या वाटेवर डिझेल इंजिनाचा टप्पा ज्यांनी गाठला, ते शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक असावे, म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव हे मूळचे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस गेले, परंतु रंग ओळखण्यात दृष्टी उणी असल्याने तो नाद सोडून यंत्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले हे पाहताच त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावास बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर असा धंदा वाढला. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. इंजिनाच्या कथेत ती पुन्हा उपयोगी पडेल.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. त्या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड या आडस्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि बिनव्याजी १० हजार रुपये त्यांनी दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. पुढे त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब, असे नाव दिले. त्या नावातील निवडुंग ज्याने हा माळ पाहिला आहे त्याला परका वाटणार नाही.

१९२२ मध्ये वडिलांनी त्यांना अमेरिकेस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत धाडले. १९२६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते परतले ते थेट वाडीच्या कारखान्यात. पाणी उपसण्याचे पंप, कातयंत्रे असा पसारा हळूहळू वाढत गेला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्याचा स्वतंत्र कारखाना निघाला. येथवरचा इतिहास आम्ही भरभर सांगितला, कारण आमचे लक्ष १९४६ या वर्षाकडे आहे.

त्या वर्षी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. डिझेल इंजिन ही काही नवी कल्पना नव्हती. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले होते. त्या इंजिनाने तेलातील उष्णतेपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक शक्ती कामी लावली, आणि तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांना ते साधत नव्हते. हा बुद्धिमान पुरुष १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत सापडले. आपल्याकडेही साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली होती. तथापि देशाची गरज मोठी होती आणि बहुतेक इंजिने विलायतेहून येत. युद्धाच्या काळात ही परदेशी आवक किती बेभरवशाची असते ते सर्वांना कळून चुकले होते.

नवा कारखाना मूळ धरतो न धरतो तोच संकट कोसळले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली तीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. वडिलांनी ३८ वर्षे खपून उभारलेली वास्तू जळाली. घरच्या वडीलधाऱ्यांचे वय उतरलेले, खडकीचे काम अर्धे, आणि मूळच्या घरावर हा घाला. वाडी पुन्हा उभी राहिली आणि खडकीही थांबली नाही. शंतनुरावांची योग्यता आमच्या मते त्यांच्या पुढील मानसन्मानांपेक्षा या दिवसांत अधिक दिसते.

आता इंजिनाकडे वळू. खडकीच्या इंजिनांपैकी एव्ही-१ हे इंग्लंडच्या पेटर इंजिनाच्या वळणाचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी झाले. त्याची शक्ती ५ अश्वशक्ती, वेग मिनिटाला १५०० फेरे, सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर व पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. त्याचा थोरला भाऊ टीव्ही-१. त्याची धाव तीच, ११० मिलिमीटर, परंतु व्यास ८७.५ असल्याने शक्ती ७ अश्वशक्तीपर्यंत जाते. टीएएफ-१ हेही ८७.५ व्यासाचेच, मात्र ते हवेने थंड होते. म्हणून त्याच्या सिलिंडरवर पंखांसारख्या कडा दिसतात आणि पाण्याची नळी नसते. जुने इंजिन ओळखताना पत्र्यावरील बनावटीचे अक्षर आणि क्रमांक आधी पाहावा. पत्रा गळून पडला असेल तर लोखंडात ठोकलेला क्रमांक शोधावा, आणि तोही पुसला असेल तर व्यास मोजूनच रिंग अथवा लायनर आणावे. केवळ रूपावरून ८० ची रिंग ८७.५ च्या घरात बसविता येत नाही, आणि नागपूरच्या बाजारातून ती परत करण्याचा हेलपाटा निराळाच! जुन्या डिझेल मोटारी व जीपगाड्यांनाही हाच न्याय लागू आहे. त्यांची इंजिने पुष्कळदा बदललेली असतात, म्हणून गाडीचे नाव वाचून इंजिन ओळखू नये. इंजिनावरील क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा सुमारे सोळा-सतरा पट दाबली जाते आणि त्या दाबानेच इतकी तापते की नोझलमधून फवारलेले तेल आपोआप पेट घेते. म्हणजे या यंत्राचे सारे सामर्थ्य दाबात आहे. झडपा नीट बसत नसतील वा रिंगा झिजल्या असतील, तर दाब निसटतो आणि हँडल कितीही फिरविले तरी इंजिन दाद देत नाही. हँडल मारताना दाब सोडणारी कळ प्रथम उचलून ठेवतात आणि चाकाने वेग धरला की सोडतात, त्याचे कारण हेच.

दुसरे नाजूक अंग तेलपुरवठ्याचे. पंपाचा दांडा व त्याचे घर यांत केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी फट असते, त्यामुळे डिझेलमधील धुळीचा कणही त्यास ओरखडतो. यासाठी डिझेल गाळून भरावे, गाळणी वेळच्या वेळी बदलावी आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, ज्याला मिस्त्री इंजिनाने हवा धरली असे म्हणतात. मग स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून अखंड तेल येईपर्यंत ती हवा काढावी लागते.

धुराचा रंग हा तर इंजिनाचा बोलका वैद्यच. काळा धूर निघाला तर ओझे जास्त झाले, हवेची गाळणी तुंबली किंवा नोझल बिघडले. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे, रिंगा पाहा. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ येतो. तो थांबलाच नाही तर तेल पुरते जळत नाही अथवा पाणी आत जाते आहे. पाण्याविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इंजिन जितके थंड तितके बरे असे नाही. विहिरीचे गार पाणी जोराने सोडून ते अति थंड ठेवले, तर डिझेलमधील गंधकाचे आम्ल सिलिंडरच्या भिंतीवर साचून ती झिजवते. पाणी बाहेर पडताना चांगले कोमट असावे.

इंजिनावर विश्वास बसण्यास शेतकऱ्याला हे सारे शिकावे लागले, आणि नांगराच्या वेळची शंका याही वेळी वेगळ्या रूपाने आली: बिघडले तर दुरुस्त कोण करणार? मोट फाटली तर गावचा चांभार होता. याचे उत्तर एकसारख्या मापाच्या सुट्या भागांत होते. खडकीत घडलेला पिस्टन सौंसरच्या इंजिनात न घासता बसला पाहिजे, तरच गावचा मिस्त्री दुरुस्ती करू शकतो. बैलजोडीचे कष्ट वाचले, आणि बागेच्या पाण्याची पाळी मोटेच्या वेगावर अवलंबून राहिली नाही. मात्र डिझेलचा रोकड खर्च शेतकऱ्याच्या माथी आला, हेही सांगितले पाहिजे.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यास मोठ्या डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. खडकीची इंजिने समुद्रापलीकडच्या देशांतही जाऊ लागली. उद्योगावरील सरकारी निर्बंधांविरुद्ध ते उघडपणे बोलत आणि त्यामुळे त्यांचे टीकाकारही पुष्कळ होते.

२४ एप्रिल १९९४ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड या जुन्या आडस्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी असे आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते लागते.