गफार बेग मुन्शींचा शब्द, उस्मान शेख यांचं घर आणि सावित्रीबाईंची शाळा

ज्या बाईंच्या नावाने आज पुणे विद्यापीठ ओळखलं जातं, त्या लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांना एक अक्षरही वाचता येत नव्हतं. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न तेरा वर्षांच्या जोतीराव फुल्यांशी झालं. शिरवळच्या बाजारात एका ख्रिस्ती माणसाने दिलेलं पुस्तक ही नवरी सासरी घेऊन आली होती, अशी गोष्ट सांगतात. पुस्तक हातात, पण आत काय लिहिलंय ते कळत नाही. आजही आपल्या कितीतरी घरांत मुलाच्या दप्तरातलं पुस्तक उघडून बसलेल्या अम्मीची हीच गत असते, म्हणून ही गोष्ट इथे सांगितली.

त्यावेळी खुद्द जोतीरावांचीही शाळा सुटलेली होती. मराठी शाळेत थोडं शिकून झाल्यावर वडील गोविंदरावांनी त्यांना काढून घेतलं आणि मळ्यात कामाला लावलं. माळ्याच्या पोराने जास्त शिकून करायचं काय, हा विचार त्यांच्या कानावर घालणारे लोक होतेच. पण शेजारी एक मुन्शी राहत होते, गफार बेग. उर्दू आणि फारसी शिकवणारे उस्ताद. रोज नजरेसमोर असलेल्या या मुलाला वाचनाची गोडी आहे, हे त्यांनी ओळखलं. मुन्शी आणि लिजिट नावाचे एक साहेब, अशा दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. पुण्याच्या इतिहासात गफार बेग मुन्शींच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. पण त्या दोन ओळी काढून टाकल्या तर पुढचं सगळंच डळमळतं. कुणाच्याही मुलाची शाळा सुटली की शेजारच्यांनी आपल्याला काय करायचंय म्हणून गप्प बसायचं, हा शहाणपणा मुन्शींनी दाखवला नाही.

शाळेत परत गेलेल्या जोतीरावांनी घरी सावित्रीबाईंना शिकवायला सुरुवात केली. जोतीरावांच्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी या दोघांना बळ दिलं. त्यांनी स्वतःही धडे घेतले.

त्या काळात वाचायला शिकायचं म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. पंतोजींच्या शाळेत मुलांपुढे लाकडी पाटी असायची, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली. त्या धुळीत अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, पुसायचं, परत काढायचं. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला. हात, डोळा आणि कान तिन्ही एकाच वेळी कामाला लागायचे. पुढे बाराखडी, जोडाक्षरं, पाढे. त्यातही व्यवहारातलं लिहिणं मोडीत आणि छापील पुस्तकं बहुतेक बाळबोधीत, म्हणजे शिकणाऱ्याला दोन लिप्या पार कराव्या लागत.

आज पुण्याच्या गल्लीबोळात फोनिक्स शिकवणीच्या पाट्या दिसतात. पालक फी भरतात, पण ही काय भानगड आहे, हे अनेकांना नीटसं कळलेलं नसतं. मूळ गोष्ट साधी आहे. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि त्याचा आवाज दुसरा. सी, ए, टी अशी नुसती नावं घेतली तर त्यातून कॅट कसं तयार होणार? म्हणून मुलाला नावाआधी आवाज शिकवतात. क, ॲ, ट, हे एकामागोमाग पटपट म्हण, की झालं कॅट. मराठीत ही अडचण मुळातच कमी. क या अक्षराचं नावही क आणि आवाजही क. त्याला काना लावला की का, वेलांटी लावली की कि. बाराखडी म्हणजे आपलं फोनिक्सच. मदरशात कायदा शिकलेल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. बे जबर ब, ते जबर त, असे हिज्जे करत आपण सगळे सिपाऱ्यापर्यंत पोहोचलो. ज्या अम्मीने मुलाला कायदा शिकवलाय, तिला फोनिक्स येतं, फक्त त्याचं हे नाव तिला माहीत नाही.

अडचण येते ती वेगळीच. मूल बाराखडी गाण्यासारखी घडाघडा म्हणतं, पण मधल्याच ‘कू’वर बोट ठेवलं की गडबडतं. म्हणजे पाठ झालंय, ओळख झालेली नाही. घर हा शब्द आपण घर् असा म्हणतो, शेवटच्या अक्षरातला अ गिळतो, तेही मुलाला कुणीतरी एकदा सांगावं लागतं. चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा. ज्याने स्वतः मोठ्या वयात हे सगळं शिकलेलं असतं, त्याला या खाचाखोचा ठाऊक असतात, कारण तो तिथेच अडखळलेला असतो. सावित्रीबाईंसारखी शिक्षिका मुलींना लाभली, यात मला हा भाग फार मोलाचा वाटतो. लहानपणीच घरात पुस्तकं पाहिलेल्या विद्वानाला अक्षर न कळण्याची भीती ठाऊक नसते. त्यांना होती.

नुसतं घरी शिकून त्या थांबल्या नाहीत. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत. तिथे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. नॉर्मल स्कूल म्हणजे आजच्या भाषेत डी.एड. कॉलेज. स्वतःला वाचता येणं आणि दुसऱ्याला वाचायला शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जोडप्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

१८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. शाळेत जाता-येता लोक शिव्या देत, शेण आणि माती फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडं सोबत ठेवत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याहून मोठा घाव घरातून बसला. लोकांच्या दबावापुढे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला सांगितलं की एक तर शाळा सोडा, नाहीतर घर सोडा. १८४९ साली दोघांनी घर सोडलं.

तेव्हा आसरा दिला तो गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी. ते जोतीरावांचे मित्र. गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ, मोमीनपुरा जिथे आहे तोच भाग. अख्खं शहर ज्या जोडप्यावर उखडलेलं, त्याला आपल्या घरात जागा देणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष आपल्याही दारात बोलावून घेणं. उस्मान शेख यांनी ते केलं. त्यांच्या बहीण फातिमा शेख. त्या सावित्रीबाईंच्या सोबत शाळेच्या कामात उतरल्या.

फातिमाबींबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण दर ९ जानेवारीला आपल्याकडे त्यांच्यावर भरपूर लिहिलं जातं आणि अलीकडे त्या झाल्याच नाहीत असंही म्हटलं गेलं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र छापील स्वरूपात उपलब्ध आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. आपण तिथे नसल्याने फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचं त्यात लिहिलेलं आहे. सहकाऱ्याबद्दल इतक्या सहज आलेला उल्लेख हा मोठ्या भाषणापेक्षा भक्कम असतो. एक बाई आजारी पडते, दुसरी तिचं काम ओढते आणि तक्रार करत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. त्यावर कल्पनेचे मजले चढवले की विरोध करणाऱ्याला पाडायला सोपं जातं. आहे तेवढंच सांगावं, तेच पुरेसं आहे.

पहिल्या शाळेत खंड पडला, पण १८५१ नंतर काम वेगाने वाढलं. ३ जुलै १८५१ला बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत, पुढच्या वर्षी मार्चमध्ये वेताळ पेठेत. वाचन, व्याकरण, गणित, भूगोल, नकाशे असे विषय होते. महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५२च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. १२ फेब्रुवारी १८५३ला या शाळांमधल्या २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि ती बघायला तीन हजारांच्या आसपास माणसं जमली. चार-पाच वर्षांपूर्वी शेण फेकणाऱ्या शहरात मुली वाचून कशा दाखवतात ते पाहायला ही गर्दी!

त्या मुलींमधली एक मुक्ता साळवे. मांग समाजातली. तिला शाळेत येऊन तीनच वर्षं झाली होती. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने छापला. आपल्या लोकांवर काय जुलूम झाले, जमिनीवरून कसं हाकललं गेलं, धर्मग्रंथ वाचण्याचा हक्क कसा नाकारला गेला, हे या मुलीने नावानिशी मांडलं. तीन वर्षांत बाराखडीपासून तिथवर! आपल्याकडे पाचवीपर्यंत गेलेली मुलं साधा परिच्छेद अडखळत वाचतात, तेव्हा मुक्ताची आठवण काढावीशी वाटते. दोष मुलांचा नसतो. कुणीतरी पहिल्या दोन वर्षांत शेजारी बसून अक्षराचा आवाज पक्का करून घ्यायला हवा होता, तो कुणी करून घेतला नाही.

सावित्रीबाई स्वतः कवयित्रीही होत्या. १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा संग्रह आला. त्यातून इंग्रजी शिकण्याचा आग्रहही त्यांनी धरलाय. १८५५ साली या दांपत्याने शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला सूर्य मावळल्यावरच पाटी धरता येणार, इतका साधा हिशेब. पुढे फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय, सत्यशोधक समाज, दुष्काळातली मदतकेंद्रं, असं काम वाढत गेलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. २८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते आपल्या हातात घेतलं आणि पुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. यशवंतने हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं सावित्रीबाईंना कळलं. साठी उलटलेल्या त्या बाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ला त्या गेल्या.

भिडेवाडा दगडूशेठ गणपतीच्या समोरच होता. कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकून तो पडायला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने तो उतरवला. त्या जागेवर मुलींच्या पहिल्या शाळेचं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे.