कापसावरच्या किडीनं अमेरिकेला गावपातळीवरचा कृषी सल्लागार दिला, त्यामागं होते सीमन नॅप

आपल्याकडे रस्त्यालगतच्या एखाद्या शेतात ‘पीक प्रात्यक्षिक’ असा फलक दिसतो. सल्ला कृषी खात्याचा, पण रान आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. अमेरिकेत ही पद्धत रुजवली सीमन नॅप यांनी, तीही वयाच्या सत्तरीत.

नॅप यांचा जन्म १८३३ चा, न्यूयॉर्क राज्यातला. पेशानं ते शिक्षक. पुढं पायाला गंभीर इजा झाली आणि १८६६ मध्ये ते आयोवात शेतीकडे वळले. तिथल्या कृषी महाविद्यालयाचे ते अध्यक्षही झाले. त्यानंतर लुइझियानात एका कंपनीची पडीक जमीन वसवायचं काम त्यांच्याकडे आलं. जाहिराती करूनही लोक येईनात. मग त्यांनी भागाभागात एकेक चांगला शेतकरी सवलतीत आणून बसवला. त्याचं पीक बघून बाकीचे आले.

हाच अनुभव टेक्सासमध्ये कामी आला.

१८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून बोल वीव्हिल नावाचा सोंडेवाला भुंगेरा टेक्सासच्या कापसात घुसला. त्याची अळी पाती आणि बोंडं आतून पोखरायची. शेतकऱ्यांबरोबर व्यापारी आणि बँकांनाही धडकी भरली. सरकारनं नमुना शेतं उभारली, पण लोक बघून परत जायचे. सरकारी पैशावर कुणालाही जमेल, असं त्यांना वाटायचं.

म्हणून १९०३ मध्ये टेरेल गावात नॅप यांनी डाव बदलला. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्यानं स्वतःचं ७० एकर रान प्रयोगाला दिलं. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी निधी जमवला. लवकर पेरणी, निवडक बियाणं, वारंवार मशागत, एवढीच सूत्रं. हंगाम संपला तेव्हा निधीला हात लावायची वेळच आली नव्हती. नेहमीच्या पद्धतीपेक्षा ७०० डॉलर जास्त सुटले, असा पोर्टरचा हिशेब होता.

१९०६ मध्ये टेक्सासच्या स्मिथ कौंटीला स्वतंत्र एजंट मिळाला. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. त्याच वर्षी अलाबामात टॉम कॅम्पबेल हे कृष्णवर्णीय एजंट कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी नेमले गेले.

कौंटी एजंटची कल्पना उत्तरेकडेही पोहोचली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रूम कौंटीत व्यापारी मंडळ, रेल्वे कंपनी आणि कृषी खात्यानं मिळून एजंट नेमला. त्या कामाला ‘फार्म ब्युरो’ हे नाव पडलं. पुढं कौंटीकौंटीत शेतकऱ्यांनी वर्गणी भरून अशा संघटना उभ्या केल्या आणि १९१९ मध्ये शिकागोत त्यांचा राष्ट्रीय महासंघ बनला.

एजंटच्या कामाला देशभर कायद्याचा आधार मिळाला तो १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं. तो बघायला नॅप नव्हते. १ एप्रिल १९११ रोजी त्यांचं निधन झालं होतं. पण शेतकऱ्याला नवं काही करायला सांगायचं, तर आधी त्याची जोखीम वाटून घ्यायची, हे टेरेलच्या ७० एकरांनी तोवर दाखवून दिलं होतं.