प्रतीक्षेतील आशा : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात करजगाव नावाचे गाव आहे. ६ डिसेंबर १८६१ रोजी या गावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. ते कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तरीही मराठी भाषेत प्रभू येशूचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे. आज त्यांच्या काव्यापेक्षा त्यांच्या जीवनातील एका कठीण कालखंडाचे स्मरण करावयाचे आहे.

बालपणीच नारायणाचे मातृछत्र हरपले. वडिलांचा स्वभाव कठोर होता. मुलाने घर सोडले व नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनूशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. विवाहसमयी त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. टिळकांची वृत्ती अस्थिर होती. एका नोकरीत वा एका गावी ते फार काळ रमत नसत. हाती पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेसाठी खर्च होई आणि घरात चणचण कायम राही. त्यांचे मन मात्र सदैव सत्याच्या शोधात असे.

१८९३ साली आगगाडीने राजनांदगावला जात असता डब्यातील एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने टिळकांना बायबलची एक प्रत भेट दिली व दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, परंतु दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी वाचन सुरू केले. प्रभूच्या पर्वतावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले. आजवर ज्या प्रश्नांनी त्यांना छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना तेथे गवसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला.

येथूनच त्यांच्या कसोटीचा काळ सुरू झाला. नातलगांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. आप्तांनी त्यांना व लहानग्या दत्तूला पंढरपुरी नेले. पती जिवंत असूनही त्यांच्या वाट्याला परित्यक्तेचे जिणे आले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. टिळकांना नवा विश्वास लाभला होता, पण त्याची किंमत एकट्या त्यांनीच मोजली नव्हती. ज्या स्त्रीला या निर्णयात काहीच वाव नव्हता, तिनेही ती मोजली. या सत्याकडे आपण डोळेझाक करता कामा नये.

टिळकांनी प्रभूचा मार्ग सोडला नाही, तसेच पत्नीची आशाही सोडली नाही. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. एकाच माणसाच्या संसारात दोन चुली, दोन आचार सुरू झाले. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. विश्वास हे देवाचे दान आहे, ते कोणाच्या गळी उतरवता येत नाही, हे त्यांनी आचरणातून दाखविले. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला : जातिभेद देवाने निर्माण केले की माणसाने? एके दिवशी त्यांच्या मनातील भेदाची भिंत आपोआप ढासळली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या प्रतीतीने.

पुढे टिळकांनी अहमदनगर येथे अध्यापन व सेवाकार्य केले, ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि ख्रिस्तभक्तीला अभंगाचे व भजनाचे मराठमोळे रूप दिले. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. त्यापुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांना अक्षरओळख घरीच झाली, त्या स्त्रीने पतीचे अर्धे राहिलेले स्तोत्र पूर्णत्वास नेले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी साहित्याचा अलंकार ठरले.

प्रिय भाविकहो, आपल्या कोकणातील कितीतरी घरे आजही दुभंगलेली आहेत. कोणी पोटासाठी मुंबईला वा आखातात आहे, कोणी एकाच छपराखाली राहूनही परस्परांशी अबोला धरून आहे. अशा वेळी टिळकांचे जीवन आपणांस धीर देते. ख्रिस्ती आशा म्हणजे संकट उद्याच टळेल ही खात्री नव्हे. ज्याच्यावर आपण प्रेम करतो, त्याच्या अंतःकरणातही देव कार्य करीत आहे, असा भरवसा बाळगून, त्याच्यावर सक्ती न करता त्याची वाट पाहणे, म्हणजे आशा. आज रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आपल्यापासून दुरावलेल्या एका माणसाचे नाव आपण प्रभूपुढे घेऊ या.