विल्यम फार

विल्यम फार (३० नोव्हेंबर, १८०७ - १४ एप्रिल, १८८३) हे इंग्लिश वैद्य व संख्याशास्त्रज्ञ होते. वैद्यकीय सांख्यिकीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळी इंग्लंडमधील वैद्यकीय अभ्यासक्रमात या विषयाला स्थान नव्हते. मृत्यूच्या नोंदी जमवणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि त्यांवरून दर काढणे हे काम चाळीस वर्षे करीत असतानाच फार यांनी या शास्त्राची घडण केली.

जन्म आणि शिक्षण

फार यांचा जन्म श्रॉपशायर परगण्यातील केन्ली या गावी गरीब कुटुंबात झाला. जोसेफ प्राइस नावाच्या स्थानिक जमीनदाराने त्यांचा सांभाळ केला. १८२६ मध्ये ते श्रूझबरी येथील रुग्णालयात शल्यवैद्याचे मदतनीस म्हणून काम करू लागले. १८२८ मध्ये प्राइस यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या ५०० पौंडांमुळे फार यांना पॅरिसला जाता आले. तेथे रुग्णांची मोजदाद करून उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या प्येर लुई यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. १८३२ मध्ये त्यांना लंडनमध्ये वैद्यकीचा परवाना मिळाला. मात्र व्यवसायापेक्षा त्यांचे मन आकड्यांत अधिक रमले.

महानिबंधक कार्यालयातील कार्य

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, मृत्यू व विवाह यांची शासकीय नोंदणी सुरू झाली. पुढे थोड्याच काळात फार या कार्यालयात रुजू झाले आणि १८३९ मध्ये गोषवारे तयार करणारे अधिकारी म्हणून कायम झाले. देशभरातून येणाऱ्या नोंदींत एकाच रोगाची अनेक नावे असत, तर कित्येकदा एकाच नावाखाली भिन्न रोग दडलेले असत. अशा नोंदींची बेरीज निरर्थक ठरते, हे ओळखून फार यांनी प्रथम रोगांच्या नावांची प्रमाणित यादी तयार केली. १८४५ मध्ये मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी डॉक्टरांना छापील दाखल्यांची पुस्तके पाठवण्यात आली. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांसाठी समान यादी करण्याचे काम फार व जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सोपवले. आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची मुळे या प्रयत्नात आहेत.

जीवन कोष्टक आणि गणनयंत्र

जन्मलेल्यांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत जगतात हे दाखवणाऱ्या तक्त्याला जीवन कोष्टक म्हणतात. फार यांचे तिसरे इंग्लिश जीवन कोष्टक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८३८ ते १८५४ या सतरा वर्षांतील मृत्यूच्या नोंदी आणि १८४१ व १८५१ च्या जनगणना हा त्याचा आधार होता. या किचकट आकडेमोडीसाठी स्वीडनच्या शॉइट्स पितापुत्रांनी शोधलेल्या फरकयंत्राची प्रत लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. उत्तरांचे छपाईचे ठसेही हे यंत्रच काढत असे, त्यामुळे नकलेतील चुका टळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याला सतत देखरेख लागे आणि कोष्टकांचा काही भागच त्यावर तयार झाला. उरलेले काम माणसांना हातानेच करावे लागले.

पटकीच्या साथींचा अभ्यास

१८४८-४९ च्या पटकीच्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ५३ हजार लोक दगावले. लंडनच्या नोंदी तपासताना फार यांना नियमितता आढळली. थेम्स नदीच्या पातळीपासून २० फुटांपेक्षा कमी उंचीवरील वस्त्यांत दर १०,००० लोकांमागे १०२ मृत्यू झाले होते. २० ते ४० फुटांवर हे प्रमाण ६५ आणि ४० ते ६० फुटांवर ३४ होते. सखल भागातील दूषित हवा हेच पटकीचे कारण असे फार यांनी मानले. आकडे बरोबर होते, परंतु सखल वस्त्यांना घाणेरडे पाणीही मिळत होते ही गोष्ट या निष्कर्षात मागे पडली.

पटकी पाण्यातून पसरते असे मानणाऱ्या जॉन स्नो यांना १८५४ च्या साथीत मृतांचे पत्ते फार यांनीच पुरवले. पटकीने मृत्यू झालेल्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते याची नोंद ठेवण्याच्या सूचनाही निबंधकांना देण्यात आल्या. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ पसरली, तेव्हा स्नो हयात नव्हते. मृत्यू एकाच पाणी कंपनीच्या क्षेत्रात एकवटल्याचे फार यांनी दाखवून दिले. न गाळलेले पाणी दिलेच नाही असा कंपनीचा दावा होता, पण ग्राहकांच्या नळांत ईल मासे सापडले. स्वतःचे जुने मत बाजूला ठेवून फार यांनी पाण्यालाच दोषी ठरवले.

नाइटिंगेल, भारत आणि एक वाद

१८५६ पासून फार हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे सांख्यिकी सल्लागार होते. भारतातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचे ते सदस्य होते. १८६३ च्या अहवालात भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दरवर्षी हजारी ६९ इतका नमूद झाला. त्याच सुमारास रुग्णालयांच्या आकड्यांवरून वाद झाला. लंडनच्या २४ रुग्णालयांतील वर्षभराच्या ३,८२८ मृत्यूंना एका दिवसाच्या ४,२१४ या रुग्णसंख्येने भागून फार यांनी ९० टक्क्यांहून अधिक दर काढला होता. वर्षभरात दाखल झालेल्या सर्व रुग्णांच्या संख्येने भागले असता हा दर कितीतरी कमी येतो, असे टीकाकारांनी दाखवले. छेद कोणता घ्यावा हा प्रश्न या शास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे आजही असतो.

अखेरचा काळ आणि वारसा

१८७९ मध्ये महानिबंधकाचे पद रिक्त झाले, परंतु ते फार यांना देण्यात आले नाही. त्यानंतर ते सेवेतून निवृत्त झाले. १४ एप्रिल १८८३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक लेखनाचा संग्रह १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधील स्वच्छता व उष्ण कटिबंधीय वैद्यक विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर सार्वजनिक आरोग्याच्या अग्रणींची नावे कोरलेली असून त्यांत फार यांचेही नाव आहे.